उघड्या छताची जुनी गाडी गोव्यात घेताना: किलोमीटरच्या आधी पाण्याचा माग काढा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आसगावातील एका बंगल्यात २०११ सालची बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय विक्रीस आहे. छत धातूचे, घडी होऊन डिकीत जाणारे. नोंदणी मुंबईची, मालक तिसरा, वाचन ३८ हजार किलोमीटर आणि मागणी २१ लाख रुपये. जाहिरातीत ‘कायम आडोशाला ठेवलेली, फक्त रविवारी चालवलेली’ असे म्हटले आहे. किंमत रास्त आहे का आणि गाडी पाहायला जाताना काय तपासावे, असे आपण विचारले आहे. आपण म्हापशाला राहता, घरी रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे आणि अंगणात पत्र्याची शेड आहे, हेही आपण लिहिलेत ते बरे झाले. ही माहिती नसती तर मला ‘पाहून सांगतो’ एवढेच लिहावे लागले असते.

पर्वरीला माझे आयात गाड्यांचे गॅरेज आहे आणि गेली बावीस वर्षे दुरुस्तीच्या जोडीला मी खरेदीदारांसाठी गाड्या तपासून देतो. बहुतेक जण इंजिन आणि किलोमीटर याबद्दल विचारतात. उघड्या छताची गाडी गोव्यात घ्यायची असेल, तर मी आधी वेगळा प्रश्न विचारतो: या गाडीने किती पावसाळे कुठे काढले आणि त्या पावसाचे पाणी गेले कुठे? आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने समुद्राकडून खारा, दमट वारा येत असतो. साध्या गाडीच्या छताला सांधा नसतो, या गाडीच्या छताला अनेक असतात, आणि प्रत्येक सांध्यावर फक्त एक रबरी पट्टी पहारा देत असते. ती पट्टी चौदा वर्षांची झाली आहे हे डोक्यात ठेवून गाडीकडे पाहावे लागते.

‘फक्त रविवारी चालवलेली’ हे वाक्य जाहिरातीत गुण म्हणून छापले जाते, मी मात्र ते आधी संशयाच्या खात्यात टाकतो. ३८ हजार किलोमीटर आणि चौदा वर्षे, म्हणजे वर्षाला जेमतेम २,७०० किलोमीटर. वाचन खरे असेल तर ही गाडी आयुष्याचा बहुतेक काळ उभी होती, आणि उभी गाडी झिजत नसली तरी बिघडत असते. रबर सुकते, बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते, ब्रेकच्या डिस्क गंजतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, उंदीर वायरिंगमध्ये घर करतात. भर म्हणून, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते, आणि या वयाच्या गाडीची इंधनप्रणाली तशा पेट्रोलसाठी बनवलेली नाही. अर्धी टाकी भरून सहा महिने झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा दर आठवड्याला मुंबई-पुणे करणारी ७० हजार किलोमीटरची गाडी मी अधिक निर्धास्तपणे घेईन, अर्थात तिची देखभालीची बिले असतील तर.

एक अनुभव सांगतो, कारण त्यातून छताचे गणित लवकर कळते. काही वर्षांपूर्वी शिवोलीच्या एका गृहस्थांनी याच गाडीची आधीची पिढी, म्हणजे २००३ ते २००८ या काळातली कापडी छताची झेड४ आणली होती. गाडी आंब्याखाली उभी असायची. त्या पिढीत छत हलवणारी मोटर आणि पंप मागच्या बाजूला, छत घडी होऊन बसते त्या खोबणीच्या तळाशी आहे, आणि त्याच जागेतून पावसाचे पाणी बाहेर नेणारी नळी जाते. आंब्याची पाने कुजून नळी बुजली, पाणी साचले, आणि मोटर पाण्यात बुडून गेली. मालकांना चवथीच्या सुटीत छत उघडायचे होते, तेव्हा प्रथम कळले. नळी साफ करायला मला अर्धा तास लागला असता. मोटर बदलायला दोन महिने आणि जो खर्च लागला तो त्यांनी नंतर कधी बोलून दाखवला नाही. हा त्या पिढीचा प्रसिद्ध दोष आहे. आपण पाहत असलेली गाडी त्यानंतरच्या, २००९ ते २०१६ या पिढीतली आहे. तिचे छत ॲल्युमिनियमचे, दोन तुकड्यांचे, आणि रचना निराळी आहे. पण तत्त्व तेच आहे, की पाणी आत येणारच असे गृहीत धरून कंपनीने त्याला बाहेर जायची वाट करून ठेवली आहे, आणि ती वाट मोकळी आहे का हे पाहणे खरेदीदाराचे काम आहे.

म्हणून गाडीपाशी गेल्यावर पहिला तास छताला द्या. डिकीत सामान आणि छत यांच्यामध्ये एक पडदा असतो; तो खाली लावलेला नसेल तर छत हलतच नाही, त्यामुळे तो आधी नीट बसवून घ्या. इंजिन चालू ठेवूनच छत उघडा, कारण अशक्त बॅटरीवर छत मध्येच थांबते आणि खरा दोष कुठला हे कळत नाही. चांगल्या स्थितीतील छत सुमारे वीस सेकंदांत उघडते. सेकंद मोजा, पण सेकंदांपेक्षा हालचाल पाहा: दोन्ही बाजू सारख्या उचलतात का, मध्ये अडखळते का, पंपाचा आवाज सुरात आहे की शेवटी तो कण्हतो. हे तीन वेळा करा: गाडी थंड असताना, अर्धा तास उन्हात उभी केल्यावर, आणि चालवून आणल्यावर. थंडपणी उत्तम चालणारे आणि उन्हात तापल्यावर रुसणारे छत मी अनेकदा पाहिले आहे. छत डिकीत गेलेले असताना बाजूच्या आवरणांवर हात फिरवा. तेलकट ओल लागली तर हायड्रॉलिकचा सिलिंडर किंवा नळी गळते आहे. विक्रेता म्हणेल, ‘काही नाही, एक सेन्सर आहे फक्त.’ असेलही. पण तो ‘फक्त सेन्सर’ आजवर त्यांनी का बदलला नाही, हे विचारायला हरकत नाही. छताच्या यंत्रणेत असे बरेच छोटे स्विच असतात, एकाने चुकीची खबर दिली की सगळे थांबते, आणि त्यातला कुठला हे शोधण्याची मजुरी स्विचच्या किमतीपेक्षा जास्त होते. पंप किंवा सिलिंडर गेला असेल तर हिशेब लाखांत जातो.

काचाही पाहा. या गाडीच्या दारांना वरची चौकट नाही. दार उघडताना काच किंचित खाली सरकते आणि दार लावल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. ती सरकली नाही तर दर वेळी रबर खरवडले जाते आणि पहिल्या पावसात पाणी चालकाच्या मांडीवर पडते.

यानंतर पाण्याची परीक्षा. आपण पावसाळ्यात पाहायला गेलात तर निसर्गच ती फुकट घेईल, आणि म्हणूनच अशी गाडी जुलैत पाहावी असे माझे मत आहे. कोरड्या दिवसांत जात असाल तर मालकाची परवानगी घेऊन बागेच्या साध्या नळीने, जोराचा फवारा न मारता, सांध्यांवर दहा मिनिटे पाणी सोडा. मग आतल्या चटया उचलून कार्पेटवर तळहात दाबा, आसनांच्या मागे आणि पायांच्या कोपऱ्यात टिश्यू पेपर ठेवून पाहा. डिकीचा तळ उचलून तिथे गंज, पांढरी पूड किंवा पाण्याची रेघ दिसते का पाहा, कारण तिथे पाणी साचले तर त्याचा त्रास विजेच्या जोडण्यांना होतो. निचऱ्याच्या तोंडाशी कपभर पाणी सावकाश ओता आणि खाली वाकून ते बाहेर येते का बघा. गाडीत सुगंधी डबी टांगलेली असेल तर ती प्रथम बाहेर काढा, काचा लावून गाडी पंधरा मिनिटे उन्हात ठेवा, आणि दार उघडताच वास घ्या. बुरशीचा वास डबीने झाकतो, जात नाही.

पाणी वरूनच येते असे नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली होती आणि त्या दिवशी अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आपली गाडी मुंबईची म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा, आसनांच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहा, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. हे सगळे पाच मिनिटांचे काम आहे.

आता गाडीच्या पोटाखाली. ही तपासणी लिफ्टवरच होते. अंगणात गुडघ्यावर बसून टॉर्च मारणे म्हणजे देवदर्शन बाहेरूनच घेण्यासारखे आहे. मालक गाडी गॅरेजमध्ये न्यायला नकार देत असेल तर मी तिथेच थांबतो, त्यामागे त्याचे कारण काहीही असो. लिफ्टवर घेतल्यावर खालची प्लॅस्टिकची आवरणे आणि चाकांच्या आतले अस्तर काढून त्यात काय साचले आहे ते पाहा. तांबडी माती सापडली तर चिंता नको, ती गोव्यात प्रत्येक गाडीखाली असते. पांढरी, बारीक वाळू सापडली तर मात्र गाडी किनाऱ्यावर गेलेली आहे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई असूनही वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची छायाचित्रे आपल्या वर्तमानपत्रांत नेमाने येतात, आणि उघड्या छताच्या गाडीला तो मोह जरा जास्तच होतो. खारी वाळू आवरणात राहिली की ओल धरून ठेवते, आणि गंज आतून चालू होतो. ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेमचे (चाकांचा भार पेलणाऱ्या खालच्या चौकटीचे) सांधे आणि स्प्रिंगच्या बैठका या तीन जागा मी आधी पाहतो. ॲल्युमिनियमच्या भागांवर लाल गंज दिसत नाही, पांढरी पूड दिसते. लोखंडी बोल्ट जिथे ॲल्युमिनियममध्ये बसतो तिथे ती पूड जास्त असेल, तर उद्या तो बोल्ट सुटणार नाही, तुटेल. वरवरच्या गंजाला मी घाबरत नाही. ताजे काळे डांबरी कोटिंग मारून चकचकीत केलेले पोट दिसले की घाबरतो, कारण विक्रीच्या आठवड्यात कोटिंग कोणी हौसेने मारत नाही.

अपघाताची तपासणी नेहमीच्या गाडीसारखीच, दोन भेद सोडून. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र सोबत असेल तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या पुढे गेला की तो पत्रा पुन्हा रंगवला आहे, आणि आकडा पाचशेच्या पुढे गेला की आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पण या गाडीचे छत आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा फक्त लोखंडावर चालणारे यंत्र तिथे काही सांगणार नाही. दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र न्या. दुसरे असे, की छत कापलेल्या गाडीचा कणा तिच्या तळात असतो. साध्या गाडीत छत जो ताण वाटून घेते तो इथे दारांखालच्या उंबऱ्यांना सोसावा लागतो, म्हणून उंबऱ्यावर केलेले डेंटिंग मी कधीच किरकोळ मानत नाही. दार आणि मागचा पत्रा यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर पुढे पाहू नका. एअरबॅगचा दिवा इग्निशन चालू केल्यावर पेटून थोड्या वेळाने विझला पाहिजे. तो पेटतच नसेल, तर दिवाच काढून टाकला असण्याची शक्यता आहे.

इंजिनाकडे येतो. हे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे, ३०६ अश्वशक्तीचे इंजिन आहे. चालवायला सुरेख आणि सांभाळायला खर्चिक. गाडी पाहायची वेळ ठरवताना ‘मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका’ असे स्पष्ट सांगा आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा; ऊब लागली तर चालू का केले असावे याचा विचार करा. थंड इंजिन बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावर चालू झाले तर उच्च दाबाच्या इंधन पंपावर संशय घ्या, या इंजिनाची ती जुनी दुखरी नस आहे. ॲक्सिलरेटर सोडताना पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज आला तर टर्बोच्या वेस्टगेटची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) झीज आहे. आवाज बारीक असेल तर गाडी चालते, पण किमतीत धरावा लागतो. गाडी उभी ठेवून इंजिन पाच मिनिटे रेस न देता चालू ठेवा; मग एकदम रेस दिल्यावर निळसर धूर निघाला तर टर्बोच्या सीलने दम सोडला आहे. पुढच्या बाजूला ऑइल फिल्टरच्या बैठकीचे गॅस्केट गळते आणि ते तेल पट्ट्यावर येते. ही गळती स्वस्तात थांबते, पण तेलात भिजलेला पट्टा निसटून इंजिनात ओढला गेला तर स्वस्त काही उरत नाही. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि जाताना फारशी पूर्वसूचना देत नाही, म्हणून तो कधी बदलला याचे बिल मागा. बिल नसेल तर तो बदलायचा आहे असे समजून हिशेब करा.

गिअरबॉक्स दोन क्लचचा, सात गतींचा. चढावर उलट्या गिअरमध्ये हळूहळू न्या, म्हापशातील कुठल्याही अरुंद गल्लीत ही परीक्षा होते. धक्के बसले तर थांबा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३८ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर घासलेले नसले तरी सहा-सात वर्षांचे असतील तर ते बदलावेच लागतील. या गाडीत जादा चाक नाही, पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात. आधीच्या मालकाने साधे टायर बसवले असतील तर तेही किमतीत येते आणि प्रवासातही.

वाचन खरे आहे का, हे ठरवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. किलोमीटरचा आकडा या गाडीत केवळ डायलमध्ये नसतो, इतर नियंत्रकांतही नोंदवला जातो, आणि मूळ किल्लीतही त्याची नोंद असते. योग्य यंत्र असलेला मेस्त (मेकॅनिक) ते काही मिनिटांत ताडून देतो. म्हणूनच दोन्ही किल्ल्या मागा. एकच किल्ली दाखवली जात असेल तर दुसरी कुठे आहे, याचे उत्तर लेखी घ्या. त्याखेरीज कागदांतून बरेच काही कळते: पीयूसीच्या तारखा, फास्टॅगचा तपशील आणि परिवहन संकेतस्थळावरील चलने. गोव्यात खासगी पाटीची गाडी गुपचूप भाड्याने देण्याचा धंदा चालतो. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असायला हवीत, पण लग्नाच्या शूटिंगला आणि वीकएंडच्या पर्यटकांना नेमकी अशीच गाडी हवी असते. ‘फक्त रविवारी’ चाललेल्या गाडीवर मंगळवार-बुधवारची चलने निघाली तर जाहिरातीचे उत्तर आपल्याला चलनांनीच दिले. उंबऱ्यावरचे ओरखडे, छताच्या बटणावरची पुसलेली खूण आणि घासलेल्या रिम्स यांनी ते पक्के होते.

चालवून पाहताना संगीत बंद ठेवा. आधी छत लावून आसगावच्या आतल्या रस्त्यांवरून, गतिरोधकांवरून आणि पेव्हर बसवलेल्या पट्ट्यांवरून न्या. धातूचे छत थोडे करकरतेच, रबराला योग्य वंगण दिले की पुष्कळसे थांबते. खाली ठणका, डॅशबोर्डमधून सतत खडखडाट किंवा स्टिअरिंगला थरथर जाणवली तर बुश आणि कंट्रोल आर्म हे सस्पेंशनचे भाग बघावे लागतील. गाडी बुटकी आहे. आपल्या गावांतल्या उंच गतिरोधकांना तिचे पोट घासते का, हे आताच कळेल, घरी नेल्यावर नव्हे. मग छत उघडून म्हापसा-डिचोली रस्त्याला लागा. मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही ना आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग हलत नाही ना, एवढे पाहिले की पुरे. मन तोवर चोर्ला घाटात पोचलेले असेल, ते परत आणून कागदांपाशी बसवा.

कागदांबाबत आपल्या प्रकरणात एक विशेष अडचण आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०११ ची गाडी म्हणजे तिची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, आणि आयात वाहनांचा नूतनीकरणाचा दर साध्या गाड्यांच्या कितीतरी पट आहे. शिवाय परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मुंबईच्या परिवहन कार्यालयाचे नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, गोव्याचा कर भरावा लागेल, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागण्याजोगा पंधराव्या वर्षी फारसा उरलेला नसेल. चलने किंवा कर्जाचा बोजा शिल्लक असेल तर ना-हरकत मिळणार नाही. बोजा असल्यास बॅंकेचे पत्र आणि नमुना ३५ आधी घ्या. नमुने २९ आणि ३० वर मालकाची सही लागते. इथे पाहायचे ते हे, की सही करणारा माणूस आणि नोंदणी पुस्तकातला माणूस एकच आहे का. ‘तिसरा मालक’ म्हणून जो समोर बसला आहे त्याचे नाव पुस्तकात नसेल आणि त्याच्याकडे दुसऱ्याने कोरी सही करून दिलेले नमुने असतील, तर आपण मालकाशी नव्हे, दलालाशी बोलत आहात. विमा खरेदीपासून चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. विक्रेत्याची दावारहित सवलत (नो क्लेम बोनस) त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे त्याच्या जुन्या हप्त्यावरून आपल्या हप्त्याचा अंदाज बांधू नका. म्हापशाच्या परिवहन कार्यालयात आधी जाऊन कर आणि शुल्काचा आकडा लिहून आणा, मगच भावाला बसा.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, छत तीनदा निर्दोष चालले, कार्पेट कोरडे निघाले, पोटाखाली तांबडी मातीच सापडली आणि कागदातला मालक समोर असला, तर गाडी घेण्याजोगी आहे. इंजिनाचे बारीकसारीक दोष पैशाने मिटतात. छत, पाणी आणि उंबरे यांत खोट असेल तर किंमत कितीही उतरली तरी सोडा.

आता किंमत. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विम्यातले मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे विक्रेत्याने पॉलिसी दाखवून ‘बघा, १९ लाखांची आहे’ म्हटले तरी तो बाजारभाव नव्हे. मी उलटीकडून मोजतो. याच पिढीच्या, याच इंजिनाच्या, मुंबई आणि बंगळुरूकडच्या चार-पाच गाड्यांचा मागितलेला नव्हे, ठरलेला भाव मिळेल तेवढा काढतो. त्यातून नूतनीकरण, गोव्याचा कर, टायरचा संच, बॅटरी, पाण्याचा पंप आणि सगळी तेले वजा करतो. मग किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला राहते का ते पाहतो. आपण दिलेल्या तपशिलावरून, सगळे निर्दोष निघाले तरी मी १७ लाखांच्या वर जाणार नाही, आणि बहुधा १५ पासून बोलणे सुरू करीन. नोंदणी नुकतीच नूतन झालेली, गोव्याची पाटी असलेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी असती तर तीन लाख जास्त द्यायला मी स्वतः सांगितले असते. घरात ही एकमेव गाडी होणार असती तर मात्र कुठल्याच भावाला नको म्हटले असते, कारण एक सुटा भाग यायला महिना लागतो. आपली दुसरी गाडी आहे, म्हणून हा विषय इथे संपतो.

पर्यायांचाही विचार करा, पण घाईने नको. त्याच काळातली मर्सिडीज एसएलके मिळाली तर तिचेही छत धातूचेच आहे, आणि हायड्रॉलिकची तीच तपासणी लागते. साधारण २००६ पर्यंतच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात बॅलन्स शाफ्टच्या गिअरचा दोष आहे, तो दुरुस्त केल्याचे बिल पाहावे. पोर्शे बॉक्स्टर घ्यायची तर २००९ पासूनची पाहा. त्याआधीच्या गाड्यांतील मधल्या शाफ्टचे बेअरिंग फुटले तर इंजिनच जाते. तिच्याही निचऱ्याच्या वाटा बुजतात आणि पाणी आसनाखालच्या नियंत्रकापर्यंत पोचते, तेव्हा कार्पेटवरचा तळहात तिथेही चुकत नाही. आणि कुणी आपल्याला सॅन स्टॉर्म, म्हणजे भारतात बनलेली छोटी उघड्या छताची गाडी, दाखवली, तर तिचे फायबरचे अंग गंजत नाही म्हणून खूश होऊ नका, खालची लोखंडी चौकट पाहा. रेनोचे तिचे ११४९ सीसीचे इंजिन साधे आहे, दुरुस्त होते, फक्त रबरे आणि काचा शोधत फिरायची तयारी हवी.

गाडी घेतलीत तर पत्र्याची शेड चालेल, पण वर माड किंवा आंबा असेल तर निचऱ्याची तोंडे मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीनंतर साफ करा. प्लॅस्टिकचे आवरण घालू नका, आत वाफ कोंडते. हवा खेळणारे कापडी घ्या. छत महिन्यातून दोनदा तरी उघडा-मिटा, पावसाळ्यात शेडखाली का होईना.

सध्या आपल्या हातातले काम एवढेच आहे, की मालकाला फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: गाडी थंड ठेवाल का, आणि दोन तासांसाठी लिफ्टवर न्यायला द्याल का. दोन्हींना ‘हो’ आले तर नोंदणी पुस्तकाचे छायाचित्र मागवून घ्या आणि त्यातले नाव पाहून मगच वेळ ठरवा.